घरात क्षयरोगी आढळल्यावर

घरातील एखाद्याच्या थुंकीत क्षयरोगाचे जंतू सापडले की बहुधा त्याच दिवशी त्याचे ताट-वाटी आणि तांब्या-भांडे वेगळे काढले जाते. वास्तविक हा रोग भांड्यांतून नव्हे, तर रुग्ण खोकताना किंवा बोलताना बाहेर पडणाऱ्या आणि कोंदट खोलीत तासन्‌तास तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांतून पसरतो, आणि निदानापूर्वीच्या आठवड्यांत घरच्यांनी तीच हवा श्वासावाटे घेतलेली असते. 1956 साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या प्रयोगात काही रुग्णांना वर्षभर आरोग्यधामात, तर इतरांना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांतच औषधे देण्यात आली. पुढे पाच वर्षे कुटुंबीयांची पाहणी केली असता घरी उपचार घेणाऱ्यांच्या नातलगांत रोग अधिक आढळला नाही, कारण धोका होता तो मुख्यतः उपचार सुरू होण्यापूर्वीच्या सहवासाचा.

जंतू शरीरात शिरूनही प्रतिकारशक्तीने दाबून ठेवलेल्या अवस्थेला सुप्त संसर्ग म्हणतात. अशा माणसाला खोकला नसतो आणि त्याच्यापासून इतरांना लागणही होत नाही. मात्र अशांपैकी साधारण 5 ते 10 टक्के लोकांना आयुष्यात केव्हातरी, बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत, प्रत्यक्ष रोग होतो. पाच वर्षांखालील मुले आणि एचआयव्हीबाधित यांना हा धोका अधिक असल्याने पूर्वी प्रतिबंधक औषध त्यांच्यापुरतेच होते. 2021 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी ते घरातील सर्वांसाठी खुले केले.

हे औषध देण्यापूर्वी प्रत्येकाची तपासणी व्हावी लागते. खोकला, ताप, रात्रीचा घाम, घटलेले वजन यांची चौकशी आणि गरजेप्रमाणे छातीचा एक्स-रे व थुंकीची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत होऊ शकते. ही पायरी गाळता येत नाही, कारण रोग जडलेला असताना प्रतिबंधासाठीच्या एकट्या आयसोनियाझिडच्या गोळ्या दिल्यास त्या औषधाला दाद न देणारे जंतूच शिल्लक राहतात. रोग नाही अशी खात्री झाल्यावर सहा महिने रोज आयसोनियाझिड, किंवा त्याच्या जोडीला रिफापेंटिन देऊन आठवड्यातून एकदा अशा 12 मात्रा दिल्या जातात. मूळ रुग्णाचे जंतू औषधांना दाद देत नसतील, तर ही योजना बदलावी लागते.

रिफापेंटिनमुळे लघवी नारिंगी होते, तिला घाबरण्याचे कारण नाही. डोळे पिवळे दिसू लागले किंवा उलट्या थांबेनात, तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, कारण ती यकृताला बाधा झाल्याची खूण असू शकते.