इंग्रजी वाक्प्रचारांतील खारे पाणी

इंग्रजी वर्तमानपत्रातील अग्रलेख वाचताना किंवा कचेरीतील एखादा खलिता उलगडताना, प्रत्येक शब्दाचा कोशार्थ ठाऊक असूनही वाक्याचा भावार्थ निसटतो, असा अनुभव ज्यांस आला असेल त्यांनी हे ध्यानी घ्यावे की, ज्या राष्ट्राचा व्यापार, राज्यविस्तार आणि संरक्षण ही तिन्ही शतकानुशतके शिडाच्या जहाजांवर विसंबून होती, त्याच्या नित्याच्या बोलण्यात खलाशांची परिभाषा पुष्कळच मुरली आहे.

‘टेकन अबॅक’ म्हणजे चकित होऊन थबकणे. वारा एकाएकी समोरून येऊन शिडे डोलकाठीवर उलटी दाबली जात आणि जहाजाची गती खुंटे, त्या अवस्थेचे हे मूळ नाव. ‘बाय अँड लार्ज’, म्हणजे ‘एकंदरीत पाहता’, हाही तसाच: वाऱ्याच्या शक्य तितके सन्मुख जाणे ते ‘बाय’, वारा पाठीशी घेऊन मोकळेपणी जाणे ते ‘लार्ज’. ‘थ्री शीट्स टू द विंड’ हे विशेषण झिंगलेल्या इसमास लावतात. यातील ‘शीट’ म्हणजे शीड असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः तो शिडाचा कोपरा ताणून धरणारा दोर होय, आणि असे दोर सुटले म्हणजे शीड फडफडून जहाज झोकांड्या खाऊ लागे. ‘टू द बिटर एंड’, म्हणजे कितीही हाल झाले तरी अगदी अखेरपर्यंत, यातील ‘बिटर’चा कडूपणाशी मुळात संबंध नसावा, कारण कॅप्टन जॉन स्मिथ याने १६२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नाविक ग्रंथात नांगराच्या दोराचे जहाजावरील खुंटांना वेढलेले टोक याच नावाने नमूद आहे.

‘टर्न अ ब्लाइंड आय’, अर्थात जाणूनबुजून कानाडोळा करणे, हा वाक्प्रचार लोक इंग्रज नौसेनानी नेल्सनशी जोडतात. १८०१ च्या कोपनहेगनच्या लढाईत वरिष्ठ सेनानी हाइड पार्कर याने माघारीचे निशाण चढविले असता, नेल्सनने दुर्बीण अधू डोळ्यास लावून ‘मला निशाण दिसत नाही’ असे म्हटल्याची आख्यायिका आहे. त्याने निशाणाकडे दुर्लक्ष करून लढाई चालू ठेवली, हे मात्र निर्विवाद.

अशा कथांत सर्वांत संशयास्पद वाटते ती आमच्या मुंबईशी निगडित असलेली. विलायतेहून हिंदुस्थानास येताना डावीकडच्या आणि परतताना उजवीकडच्या, म्हणजे उन्हापासून दूर असलेल्या, खोल्या घेणाऱ्या धनिकांच्या तिकिटांवर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ (जाताना डावी, परतताना उजवी बाजू) या शब्दांच्या चार आद्याक्षरांचा शिक्का मारीत व त्यापासून ‘पॉश’ हा शब्द झाला, असे मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले जाते. परंतु अशा शिक्क्याचे एकही तिकीट आजवर पुढे आलेले नाही, आणि कोशकार या शब्दाचे मूळ अनिश्चितच मानतात.