नाव आधी पटावर, कागद मागाहून

दर वर्षी 1 जूनला फेसबुक उघडून बघा. गावाकडचे निम्मे निवृत्त मास्तर, एसटीचे कंडक्टर, ग्रामपंचायतीचे शिपाई यांचे वाढदिवस त्याच दिवशी असतात. हा काही ग्रहयोग नव्हे. पूर्वी शाळेत नाव घालायला आलेल्या आईला तारीख विचारली, की "पोळ्याच्या आदल्या दिवशीचा" किंवा "मोठा पूर आला त्या साली" असं उत्तर यायचं. मग गुरुजी पोराचा हात डोक्यावरून कानापर्यंत पोचतो का ते बघायचे आणि 1 जून लिहून मोकळे व्हायचे. तारीख खोटी होती, पण पोरगं त्याच दिवशी वर्गात बसायचं.

मी प्राथमिक शाळेत शिकवायला लागले तेव्हा ही पद्धत संपत आली होती. आता उलटं झालंय. जन्मदाखला लॅमिनेट केलेला असतो, झेरॉक्सचा गठ्ठा पिशवीत असतो, तरी जूनच्या पहिल्या आठवड्यात पालक धास्तावलेले असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी काही पाठवलेलं असतं, आणि ऑफिसच्या खिडकीतून एक वाक्य आलेलं असतं: "असं चालत नाही." त्या वाक्यामागे कधी नियम असतो, कधी नुसती वहिवाट. 1 एप्रिल 2010पासून लागू असलेला शिक्षणहक्क कायदा मुळात त्या जुन्या गुरुजींच्याच बाजूचा आहे, हे मात्र खिडकीतून कुणी सांगत नाही.

वयाचंच घ्या. "जूनमध्ये सहा पूर्ण नसतील तर पहिलीत घेत नाहीत" असं अजूनही ऐकू येतं. महाराष्ट्रात पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण हवीत हे खरं, पण ती मोजायची 31 डिसेंबरला. म्हणजे नोव्हेंबरात जन्मलेलं मूल जूनमध्ये साडेपाच वर्षांचं असलं, तरी त्याला प्रवेश मिळतो. मिळतो म्हणजे घ्यायलाच हवा असं नाही. डिसेंबरची मुलं आणि त्याच वर्गातली जानेवारीची मुलं यांच्यात जवळजवळ वर्षाचं अंतर असतं. पाटीवर रेघ ओढताना ते अंतर स्पष्ट दिसतं. माझं मत विचाराल तर काठावरचं मूल एक वर्ष थांबलं तर काही बिघडत नाही.

जन्मदाखला नसेल तर? नसेल तरी प्रवेश नाकारता येत नाही. कायद्याच्या चौदाव्या कलमात तसं स्वच्छ लिहिलं आहे. दवाखान्याची किंवा नर्सबाईंच्या रजिस्टरमधली नोंद, अंगणवाडीची नोंद, तेही नसेल तर आईवडिलांचं लेखी निवेदन चालतं. 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी मात्र जन्माचा पुरावा म्हणून जन्मदाखला हाच कागद धरला जाणार आहे. ही मुलं पहिलीत यायला अजून अवकाश आहे. तोवर नोंद राहिली असेल तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन करून घ्या.

"प्रवेश जूनमध्येच, आता पुढच्या वर्षी या" हे वाक्य दिवाळीनंतर सर्वांत जास्त ऐकू येतं, आणि ते सर्वांत जास्त कुणाला ऐकावं लागतं? बीड, जालना, अहिल्यानगरकडून कारखान्यांवर ऊसतोडीला जाणाऱ्यांना. कोयता घेऊन बिऱ्हाड निघतं ते दिवाळीच्या आसपास, परततं ते उन्हं तापल्यावर. गावच्या शाळेत पोरगं गैरहजर आणि कारखान्याजवळच्या शाळेत "आता प्रवेश बंद". कायदा सांगतो की मुदत उलटून आलेल्या मुलालाही प्रवेश नाकारायचा नाही, आणि शाळा अर्धवट सुटलेल्या मुलाला वयाला साजेशा वर्गात बसवून त्याची राहिलेली तयारी करून घ्यायची. स्थलांतरित मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी कार्ड निघालं ते याचसाठी. गाव सोडताना मुख्याध्यापकांकडून ते घ्यायचं आणि जिथे पाल पडेल तिथल्या शाळेत दाखवायचं. काही गावांत हंगामी वसतिगृहं चालतात. आजी-आजोबा नसलेल्या घरांना त्यांचा आधार होतो.

आता दाखला. बोनाफाईड आणि शाळा सोडल्याचा दाखला यांत गल्लत होते, ती आधी दूर करू. बोनाफाईड म्हणजे मूल या शाळेत शिकतंय याचं पत्र. ते शिष्यवृत्तीला, पासाला लागतं आणि कितीदाही मिळतं. शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे नाव कमी झालं याचा कागद, ज्याला सगळे एलसी किंवा टीसी म्हणतात. "फी बाकी आहे, टीसी मिळणार नाही, आणि टीसीशिवाय दुसरी शाळा घेणार नाही" या एका वाक्याने कितीतरी मुलं महिनोन्‌महिने घरी बसतात. वस्तुस्थिती अशी: आठवीपर्यंतच्या मुलाला जिल्हा परिषदेच्या, पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल, तर आधीच्या मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा आहे. उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई त्याच्यावर होऊ शकते. आणि दाखला आला नाही म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही. थकलेली फी हा संस्था आणि पालक यांच्यातला व्यवहार, तो पोराच्या दप्तराला बांधायचा नाही. मात्र एका खासगी विनाअनुदानित शाळेतून दुसऱ्या तशाच शाळेत जायचं असेल, तर हा बदलीचा हक्क लागू होत नाही. हे सांगायला लोक विसरतात.

आधारबद्दलचा गैरसमज दोन्हीकडून आहे. सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018च्या निकालात शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती नको असं सांगितलं. त्यामुळे "आधार नाही तर प्रवेश नाही" हे चूक. पण मग बाई रोज वहीवर चिठ्ठी का पाठवतात? त्या छळायला पाठवत नाहीत. शाळेला किती शिक्षक मिळणार हे संचमान्यतेत ठरतं, आणि त्यासाठी पट मोजताना मुलाची आधारशी जुळलेली नोंद बघितली जाते. आधारवर "सई", रजिस्टरला "सायली", आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त, की संगणक ती नोंद बाद करतो. मूल वर्गात बाकावर बसलेलं असतं, पण मोजणीत नसतं. छोट्या शाळेत अशी चार-पाच नावं गळली तर एका शिक्षकाचं पद जाऊ शकतं. म्हणून प्रवेशासाठी आधार लागत नाही, पण असेल तर नाव जुळवून द्या, त्यात तुमच्याच पोराच्या वर्गाचा फायदा आहे. आणि पाच वर्षांच्या आत काढलेल्या आधारमध्ये बोटांचे ठसे नसतात. ते पाचव्या वर्षानंतर आणि पुन्हा पंधराव्या वर्षी द्यावे लागतात. 'अपार' नावाच्या नव्या ओळखक्रमांकासाठी जो संमतीचा फॉर्म येतो, तो खरोखरच संमतीचा आहे. वाचून सही करा, नको असेल तर नको म्हणा.

"इंटरव्ह्यू चांगला झाला तर घेतील" असं म्हणत बालवाडीतल्या पोराला रंग आणि फळं पाठ करून घेणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी घेणं हा गुन्हा आहे. पहिल्यांदा 25,000 रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी 50,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. देणगी घेतली तर घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत. इतकं असूनही इंटरव्ह्यू होतात, त्यांना फक्त "इंटरॅक्शन" म्हणतात.

खासगी शाळांतल्या 25 टक्के राखीव जागांभोवती तर अफवांचं रानच माजलंय. एजंटला पैसे देऊन नंबर लागतो ही त्यातली सर्वांत महागडी अफवा. अर्ज ऑनलाइन असतो, सोडत राज्यपातळीवर निघते, आणि कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेवाल्याच्या हातात फॉर्म भरण्यापलीकडे काही नसतं. दुसरी अफवा, एक लाखाची उत्पन्नमर्यादा सगळ्यांना असते. ती आर्थिक दुर्बल घटकासाठी आहे. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग किंवा दिव्यांग मुलांसाठी उत्पन्नाची अट नाही. 2024 साली सरकारने जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये ती सूट रद्द केली, आणि "ही योजना बंद झाली" ही समजूत तेव्हापासून उगाच फिरते आहे. एक गोष्ट मात्र खरीच आहे आणि पालकांना ती फार उशिरा कळते: हा मोफतपणा आठवीला संपतो. नववीची फी भरायची तयारी सहावी-सातवीतच करायला हवी.

"आठवीपर्यंत नापास करतच नाहीत, मग अभ्यास कशाला?" हे वाक्य आता जुनं झालं. 2019मध्ये केंद्राने कायदा बदलला आणि महाराष्ट्राने 2023मध्ये पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. तीत मूल मागे राहिलं तर दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा होते, आणि तीतही जमलं नाही तर त्याच वर्गात ठेवता येतं. बाकीच्या इयत्तांत वरच्या वर्गात घालायचंच आहे. कुठल्याही कारणाने आठवीपर्यंत नाव काढून टाकता येत नाही. आधी नापास करत नसत तेव्हाही मूल्यमापन होतंच. पण निकालपत्रावर लाल शाई नसली की ते वाचायचंच नाही अशी आपली सवय.

छडीबद्दल बोलायला मला जड जातं. पालकच येऊन सांगायचे, "बाई, दोन द्या, पण शिकवा." प्रेमाने सांगायचे, विश्वासाने सांगायचे. नोकरीच्या सुरुवातीला मी दिल्याही आहेत. आज सतराव्या कलमानुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद आहेत, आणि पालकांच्या परवानगीने ती बंदी उठत नाही. मारणं थांबलं, पण फी न भरलेल्यांची नावं वर्गात मोठ्याने वाचणं कुठे कुठे चालू आहे. माझ्या लेखी तोही छळच. तक्रार आधी मुख्याध्यापकांकडे, मग केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी, अशी लेखी करावी. भर वर्गात जाऊन बाईंशी भांडल्याने फक्त पोराची मान खाली जाते.

शाळेतली खिचडी गरिबांसाठी असते असा एक समज आहे, त्यामुळे काही घरं मुलांना हात लावू देत नाहीत. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या पहिली ते आठवीच्या प्रत्येक मुलासाठी ती आहे. पाचवीपर्यंतच्या ताटात 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिनं असावीत असा हिशोब असतो. वाढण्याआधी शिक्षकाने ती चाखून चव नोंदवहीत लिहायची असते. ही वही बघायला मागा. आणि हे मागायचा हक्क कुणाला, तर शाळा व्यवस्थापन समितीला, जिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. प्रत्यक्षात समितीतल्या आयांना निरोप येतो, "येता येता सही करून जा." कोऱ्या ठरावावर सही करू नका, एवढं मी माझ्या शाळेतल्या बायांना सांगत असे. गणवेशाच्या पैशापासून शाळेच्या विकास आराखड्यापर्यंतचे विषय तिथे येतात.

खासगी शाळेत ही समिती नसते, पण पालक-शिक्षक संघ असतो. राज्याच्या 2011च्या शुल्क कायद्यानुसार त्याच्या कार्यकारी समितीने मान्य केल्याशिवाय फी वाढत नाही, आणि एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं तीच राहते. समितीत जायला वशिला लागत नाही, इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या काढतात. नाव द्यायला कुणी पुढे येत नाही, तेवढीच अडचण. वह्या, बूट, गणवेश अमुकच दुकानातून घ्या अशी सक्ती शाळेला करता येत नाही.

किरकोळ शंका तीन. आईचं नाव आता सगळ्यांच्या कागदांवर घालावं लागेल का? नाही. ते 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी आहे. हिंदी पहिलीपासून सक्तीची आहे का? तो निर्णय 29 जून 2025ला मागे घेतला गेला. मराठी मात्र सर्व बोर्डांच्या शाळांत सक्तीची आहे. दप्तराचं वजन? मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. घरच्या तराजूवर एकदा ठेवून बघा, बहुतेक वेळा पाण्याची बाटली आणि नको त्या दिवशीच्या वह्याच भारी निघतात.

शेवटी जनरल रजिस्टर. प्रवेशाच्या दिवशी त्या लांबरुंद वहीत मुलाचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात लिहिली जाते, आणि पुढचा प्रत्येक दाखला तिथूनच उतरतो. "चूक झाली तर नंतर बघू" असं म्हणू नका. मूल शाळेत आहे तोवर अर्ज, पुरावा आणि शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता यांवर दुरुस्ती होते. शाळा सुटल्यावर तेच काम कित्येक पटींनी अवघड होतं. लेखनिकाला घाई असेल, मागे रांग असेल, तरी वही आपल्याकडे वळवून घ्या आणि काना-मात्रेसकट नाव वाचा. दिलेल्या प्रत्येक अर्जाची शिक्का मारलेली पोच घ्या. आणि घरी आजोबांचा वाढदिवस 1 जूनला असेल, तर त्यांना विचारा, नाव घालायला गेले होते तेव्हा हात कानापर्यंत पोचला होता का.