गाढ झोप आणि ध्वनी

उधना-लिंबायत भागात वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्यास एक तक्रार वारंवार ऐकावयास मिळते : "डॉक्टरसाहेब, सुट्टीच्या दिवशी माग बंद असले की झोपच लागत नाही." खानदेशातून येऊन वर्षानुवर्षे यंत्रमागावर १२-१२ तासांची पाळी करणाऱ्यास खडखडाटाची अशी सवय जडते की, तीच त्याची अंगाई होते. परंतु मनाला सवय झाली म्हणजे शरीराला झाली असे नव्हे. जाग न येताही मोठ्या आवाजासरशी निद्रिस्ताची नाडी व रक्तदाब क्षणभर वाढतात, गाढ झोप उथळ होते, आणि सकाळी 'झोपलो, पण थकवा गेला नाही' ही तक्रार उरते.

गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात लागते. त्या वेळी मेंदूतील असंख्य पेशी एका लयीत विसावतात व जागतात, ई.ई.जी.वर उंच, संथ तरंग उमटतात. वाढीच्या संप्रेरकाचा मोठा स्राव याच सुमारास होतो, स्मृतीही दृढ होतात. वयाबरोबर हे तरंग क्षीण होत जातात.

नवल असे की, जो ध्वनी झोप मोडतो तोच ती अधिक गाढ करू शकतो. जर्मनीतील यान बॉर्न व सहकाऱ्यांनी २०१३ साली ११ निरोगी व्यक्तींवर प्रयोग केला. तरंग वर चढत असतानाच, सेकंदाच्या विसाव्या भागाएवढा, पावसाच्या सरीसारखा मंद ध्वनी कानी घातला. तरंग बळावले आणि आदल्या रात्री पाठ केलेल्या शब्दजोड्या सकाळी अधिक आठवल्या. तोच ध्वनी लय सोडून दिला असता लाभ झाला नाही. आपल्या सुरतेत घरोघरी हिंडोळा असतो; झोका कोणत्या क्षणी द्यावा हे येथे कोणास शिकवावे लागत नाही!

२०१७ मध्ये शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात ६० ते ८४ वर्षांच्या १३ व्यक्तींतही असाच लाभ आढळला. मात्र २०१९ च्या एका अभ्यासात तरंग वाढूनही स्मरणशक्ती सुधारली नाही. तेव्हा हा उपचार म्हणून सुचविण्याची वेळ अद्याप आलेली नाही, असे माझे मत आहे. मोबाइलवर रात्रभर पावसाचा आवाज लावणे ही तर निराळीच गोष्ट; त्या यंत्रास आपल्या तरंगांची वार्ताही नसते. फार तर बाहेरचा गोंगाट झाकला जातो.

आपल्या हाती आहे ते आवाज कमी करणे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्याच्या 'रात्री'ला मात्र हे संरक्षण नाही. त्याच्या वाट्यास दिवसाची ५५ डेसिबलची मर्यादा येते. अशा रुग्णास मी कानात फोमचे बोळे घालण्यास व अंथरूण मागाच्या भिंतीपासून दूर नेण्यास सांगतो. रक्तदाब मोजताना 'झोपता कोठे?' हेही विचारतो. "कारखान्यातच, माळ्यावर," असे उत्तर पुष्कळदा येते.