प्राध्यापकांना कॉम्प्युटर दिला, पण तो वापरायला शिकवलं कुणी?

साल २०१७. मुंबई विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा झाल्या आणि विद्यापीठाने ठरवलं की, यंदा सगळ्या उत्तरपत्रिका कॉम्प्युटरवर तपासायच्या. पेपर स्कॅन होणार, प्राध्यापक लॉगिन करणार, स्क्रीनवर उत्तर वाचणार आणि तिथेच मार्क देणार. ना गठ्ठे उचलायची कटकट, ना बेरजेच्या चुका. कल्पना ऐकायला भारी होती.

पुढे काय झालं ते त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना आजही पाठ आहे.

कायद्यानुसार निकाल परीक्षेनंतर ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागायला हवेत. इथे जुलै उजाडला तरी लाखो उत्तरपत्रिका तपासायच्या राहिल्या होत्या. कुलपती म्हणून राज्यपालांनी ३१ जुलैची डेडलाइन दिली, तीही हुकली. पेपर तपासता यावेत म्हणून कॉलेजची लेक्चर्स बंद ठेवली गेली, बाहेरच्या विद्यापीठांतल्या प्राध्यापकांची मदत मागवली गेली. परदेशात आणि दुसऱ्या विद्यापीठांत ॲडमिशन घ्यायला निघालेली पोरं मार्कशीटसाठी कलिनाला हेलपाटे घालत होती. शेवटी ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून हटवलं.

तेव्हा चर्चा झाली ती सर्व्हरची, टेंडरची, स्कॅनिंगची आणि कुलगुरूंची. एका गोष्टीवर मात्र फार कमी लोक बोलले. ज्या हजारो प्राध्यापकांनी वीस-पंचवीस वर्षं लाल पेनाने पेपर तपासले होते, त्यांना या नव्या पद्धतीची सवय व्हायला वेळच मिळाला नव्हता. सिस्टीम आधी आली, सराव मागाहून, तोही पोरांच्या खऱ्या पेपरांवर.

आपल्याकडे उच्च शिक्षणात डिजिटल म्हणून जे काही आलं, त्यातलं बरंचसं असंच आलं.

मार्च २०२० चंच घ्या. लॉकडाऊन लागला आणि काही दिवसांत कॉलेजचं लेक्चर मोबाईलवर आलं. प्राध्यापकांनी घरच्या घरी स्टुडिओ उभे केले. स्टूलवर डबा, डब्यावर मोबाईल, समोर वही. गणिताच्या सरांना फळ्याशिवाय समीकरण सोडवायचं होतं, केमिस्ट्रीच्या मॅडमना लॅबशिवाय प्रॅक्टिकल घ्यायचं होतं. त्यात २८ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की, अंतिम वर्षाची परीक्षा घेतल्याशिवाय पदवी देता येणार नाही. मग ऑनलाइन परीक्षेसाठी बहुपर्यायी प्रश्न काढायचं काम आलं. आयुष्यभर ‘सविस्तर उत्तरे लिहा’ या धर्तीचे पेपर काढलेल्या माणसाला चार पर्यायांचा चांगला प्रश्न काढणं सोपं नसतं. चुकीचे तीन पर्यायही खरे वाटावे लागतात, आणि ते शिकावं लागतं.

आता कुणी म्हणेल, प्राध्यापकांसाठी ट्रेनिंग नसतं का? असतं की, भरपूर असतं.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीने देशभर ॲकॅडमिक स्टाफ कॉलेज काढली. पुढे त्यांचं नाव मनुष्यबळ विकास केंद्र झालं आणि २०२३ च्या शिक्षक दिनी केंद्र सरकारने त्यांना ‘मालवीय मिशन’च्या नावाखाली आणलं. अशी १११ केंद्रं आणि उच्च शिक्षणातल्या १५ लाख शिक्षकांपर्यंत पोहोचण्याचं उद्दिष्ट. ट्रेनिंगचे आठ विषय ठरले, त्यातला एक माहिती तंत्रज्ञानाचा. शिवाय २०१७ पासून ‘स्वयम्’ आहे, त्यावर २०१८ मध्ये प्राध्यापकांसाठी ‘अर्पित’ नावाचे ऑनलाइन रिफ्रेशर कोर्सही सुरू झाले होते.

गोम आहे ती प्रमोशनच्या नियमांत. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे असिस्टंट प्रोफेसरला वरच्या श्रेणीत जायचं तर २१ दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स आणि जोडीला रिफ्रेशरसारखं आणखी काही पूर्ण केलेलं लागतं. ‘कॅस’ची फाईल पुढे सरकवायची तर सर्टिफिकेट हवं. त्यामुळे कोर्सला गर्दी होते, पण अनेकांचं सगळं लक्ष शेवटच्या दिवशी मिळणाऱ्या कागदावर असतं. कोर्स ऑनलाइन असेल तर कॅमेरा बंद, माईक बंद आणि हजेरीच्या वेळी ‘येस सर’. विद्यार्थ्यांनी लॉकडाऊनमध्ये जे केलं, तेच त्यांचे सर करतात. यात सरांना नावं ठेवण्यापेक्षा जो नियम बसलेले तास मोजतो त्याच्याकडे बघायला हवं, कारण वर्गात काय बदललं हे त्या नियमात कुठेच विचारलेलं नाही.

कॉलेजचंही तसंच. नॅकची समिती येणार म्हटलं की प्रोजेक्टरवरची धूळ पुसली जाते. आयसीटी क्लासरूम किती, हा आकडा अहवालात जातो. त्या खोलीची किल्ली कुणाकडे आणि केबल कुठंय, ते शिपाईमामांना माहीत.

मग हे कौशल्य येतं तरी कसं?

यावर जगभरात बरंच काम झालंय आणि त्यातलं सगळ्यात गाजलेलं काम एका भारतीय वंशाच्या प्राध्यापकाच्या नावावर आहे. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर हे दोघं अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत होते. २००६ मध्ये त्यांनी ‘टीपॅक’ म्हणून ओळखली जाणारी मांडणी केली. सोप्या भाषेत सांगायचं तर शिक्षकाला तीन गोष्टी यायला लागतात. आपला विषय, तो शिकवायची हातोटी आणि तंत्रज्ञान. पण या तिन्ही सुट्या-सुट्या येऊन भागत नाही, त्या एकमेकांत मिसळाव्या लागतात. भूगोलाच्या मॅडमना उपग्रहाचे नकाशे दाखवून नदीने पात्र कसं बदललं ते शिकवायचंय. मराठीच्या सरांना एका कवितेची तीन वाचनं ऐकवून त्यावर चर्चा घडवायचीय. दोघांना एकाच हॉलमध्ये बसवून ‘पॉवरपॉइंट कसे वापरावे’ शिकवलं, तर दोघांच्याही हाती फारसं लागत नाही.

मिश्रा आणि कोहलर यांनी स्वतः काय केलं? त्यांनी प्राध्यापकांना विद्यार्थ्यांच्या गटांसोबत बसवलं आणि पुढे खरोखर शिकवायचा असलेला ऑनलाइन कोर्स तयार करायला लावला. प्राध्यापकांना विषय माहीत, विद्यार्थ्यांना तंत्रज्ञानाची ओढ. काम करता करता दोघंही शिकले.

महाराष्ट्रातही असा दांडगा प्रयोग झालाय, तोही याच्या थोडं नंतर. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक दीपक फाटक यांनी केंद्राच्या मदतीने इंजिनिअरिंगच्या शिक्षकांसाठी देशव्यापी कार्यशाळा सुरू केल्या. नावच होतं, दहा हजार शिक्षकांना शिकवा. प्रत्येकाला पवईला बोलावणं शक्य नव्हतं. म्हणून देशभरातली इंजिनिअरिंग कॉलेज दूरस्थ केंद्रं म्हणून निवडली. आधी प्रत्येक केंद्राचा एक समन्वयक पवईला येऊन शिकून जायचा. मग मुख्य कार्यशाळेत पवईहून लेक्चर लाईव्ह व्हायचं आणि प्रॅक्टिकल मात्र आपापल्या केंद्रातल्या लॅबमध्ये, त्या समन्वयकाच्या देखरेखीखाली व्हायचं.

यातली खरी चावी तो समन्वयक होता. शिकताना माणूस अडतो तो बारीकसारीक गोष्टींवर. पासवर्ड चालत नाही, फाईल सापडत नाही, आवाज येत नाही. त्या क्षणी ओळखीचं कुणीतरी शेजारी असेल तर दोन मिनिटांत काम होतं. नसेल, तर माणूस कॉम्प्युटर बंद करतो आणि खडू उचलतो. वयाने मोठ्या प्राध्यापकांना तर भीती असते ती साठ पोरांसमोर हसं होण्याची, आणि ती भीती ट्रेनिंगच्या पीपीटीमध्ये कुणी लिहीत नाही.

आयआयटी मुंबईचाच दुसरा प्रकल्प म्हणजे ‘स्पोकन ट्युटोरियल’. साधारण दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ, मराठीसकट अनेक भारतीय भाषांत. पद्धत अशी की स्क्रीनच्या अर्ध्या भागात व्हिडिओ, अर्ध्या भागात तेच सॉफ्टवेअर. थोडं ऐकायचं, थांबवायचं, स्वतः करून बघायचं, मग पुढे जायचं. चुकलं तर बघायला कुणी नाही, त्यामुळे लाज वाटायचा प्रश्नच नाही.

एवढं सगळं असूनही एक मोठा गट यातून निसटतो. महाराष्ट्रातल्या अनेक कॉलेजांत शिकवायचं काम तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबीचे प्राध्यापक करतात. त्यांना तासाप्रमाणे पैसे मिळतात. त्यांना ‘कॅस’ नाही, त्यामुळे सर्टिफिकेटची गरज नाही, आणि ट्रेनिंगला गेलं तर तितक्या तासांचे पैसे बुडतात. गंमत म्हणजे यातले बरेच जण तरुण आहेत. विभागात कुणाचा फॉर्म भरायचा असेल, लिंक बनवायची असेल, तर हाक त्यांनाच जाते. विभागाचा हा बिनपगारी समन्वयक पुढच्या वर्षी त्या कॉलेजात असेल की नाही, हे त्याचं त्यालाही माहीत नसतं.

आता यात एआयची भर पडलीय. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि घरून लिहून आणायच्या असाइनमेंटचं गणितच बिघडलं. अनेकांना वाटलं, पकडायचं सॉफ्टवेअर घेतलं की झालं. पण चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच मजकूर माणसाचा की मशीनचा हे ओळखायचं स्वतःचं टूल जुलै २०२३ मध्ये बंद केलं. कारण दिलं, अचूकता कमी. म्हणजे तपासायचं मशीन आणून हा प्रश्न सुटणारा नाही. प्रश्नच वेगळा काढावा लागेल, तोंडी विचारावं लागेल, मसुदा कसकसा बदलत गेला ते बघावं लागेल. मराठीच्या सरांना ते मराठीच्या असाइनमेंटवर आणि केमिस्ट्रीच्या मॅडमना केमिस्ट्रीच्या जर्नलवर करून बघावं लागेल. त्यासाठी वेळापत्रकात आठवड्याचा एक तास आणि शेजारी बसून मदत करणारा एक माणूस लागतो. बहुतेक कॉलेजांच्या वेळापत्रकात हा तास आजही नाही.