रिकाम्या पिकअपचे धक्के

बेळगावच्या बाजारातून भाजीपाला भरून पहाटे निघालेली पिकअप चोर्ल्याच्या घाटाने गोव्यात उतरते. हौद्यात दीड टन कोबी, टोमॅटो आणि ढबू मिरची असते. रस्ता वळणावळणाचा, आणि पावसाळा नुकताच सरलेला असेल तर खड्ड्यांनाही तोटा नसतो. तरीही चालकाची फारशी तक्रार नसते. गाडी जड पावलाने, डुलत डुलत जाते. माल उतरवून तीच गाडी त्याच रस्त्याने परत फिरली म्हणजे मात्र प्रत्येक खड्डा कमरेला लागतो, मागची चाके डांबर सोडून उडतात आणि रिकामे क्रेट हौद्यात नाचू लागतात. रस्ता तोच, गाडी तीच, चालकही तोच. उणे झाले आहे ते केवळ ओझे. ओझे उतरले की सुख व्हावे असा जगाचा अनुभव आहे. या वाहनाच्या बाबतीत तो उलटा आहे, आणि त्याचे कारण गाडीच्या मागच्या पाट्यांत दडलेले आहे.

पिकअपच्या मागच्या आसावर दोन्ही बाजूंना पाट्यांची कमान असते. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या यू-बोल्टांनी आसाला आवळलेल्या असतात आणि त्यांची टोके वर चौकटीला जोडलेली असतात. ही कमान किती ताठ असावी हे कारखान्याला भरल्या गाडीवरून ठरवावे लागते, कारण भार आला असता ती मोडून चालत नाही. समजा, रिकाम्या गाडीचा मागच्या कमानींवरील भार ५०० किलो आहे. दीड टन माल चढला आणि हिशेबापुरता तो सगळा मागेच आला असे धरले, तर भार २,००० किलो, म्हणजे चौपट होतो. या भाराखाली कमान १६ सेंटीमीटर दबत असेल, तर रिकाम्या गाडीखाली ती अवघी ४ सेंटीमीटर दबेल. कमान जितके सेंटीमीटर दबते त्याच्या वर्गमुळाने पाचाला भागले असता गाडी एका सेकंदात किती हेलकावे घेईल तो आकडा जवळजवळ बरोबर मिळतो. त्या हिशेबाने भरलेली गाडी सेकंदाला सव्वा हेलकावे घेते आणि रिकामी अडीच. उतारूंच्या मोटारीत हाच आकडा साधारणतः एक ते दीड इतका असतो. भरलेली पिकअप एखाद्या मोटारीसारखी सुखाने चालते ती याच कारणाने.

पण अडीच हेलकाव्यांनी सगळा उलगडा होत नाही. बसलेल्या माणसाचे धड सेकंदाला ४ ते ८ या वेगाच्या उभ्या कंपनांना सर्वांत अधिक हळवे असते, आणि अशी कंपने वर्षानुवर्षे सोसणाऱ्या चालकांत कंबरदुखीचे प्रमाण अधिक आढळते. मग अडीचाच्या वर ही गाडी जाते कशी? येथे पाट्यांचा दुसरा दोष पुढे येतो. कमान वाकते तेव्हा तिचे पाटे एकमेकांवर घासतात. भरल्या गाडीत धक्क्याचा जोर मोठा असल्यामुळे हे घर्षण सहज मोडते. रिकाम्या गाडीत लहानसहान धक्क्यांना ते मोडतच नाही. पाटे जागच्या जागी अडकून राहतात आणि कमान जणू एकसंध लोखंडी तुळई बनते. अशा वेळी गाडी आपल्या कमानीवर चालत नसते, नुसत्या टायरांवर उसळत असते; आणि टायर हीदेखील एक फार ताठ कमानच असल्यामुळे हे उसळणे बहुधा सेकंदाला चारपाच वेळा, म्हणजे नेमके शरीराला नको त्या ठिकाणी येऊन बसते.

हे ध्यानात न घेता पुष्कळ ठिकाणी पहिला उपाय केला जातो तो एखादा पाटा काढून टाकण्याचा. उपाय स्वस्त आहे आणि गॅरेजात तासाभरात होतो, म्हणून तो लोकप्रियही आहे. त्याचा हिशेब मात्र क्वचितच कोणी मांडतो. सारख्या जाडीच्या सात पाट्यांपैकी एक काढला तर कमानीचा ताठपणा सातव्या हिश्श्याने घटतो, पण हेलकाव्यांचा वेग त्याच्या वर्गमुळानेच बदलत असल्यामुळे तो जेमतेम ७ टक्क्यांनी उतरतो. उलट उरलेल्या सहा पाट्यांवरचा ताण सुमारे १७ टक्क्यांनी वाढतो. परतीच्या वाटेवर जाणवेल न जाणवेल इतका मऊपणा मिळविण्यासाठी भरल्या गाडीचा पाटा घाटात तुटण्याची तयारी करून ठेवावयाची, असा हा व्यवहार आहे. त्यापेक्षा रिकाम्या हौद्यात, मागच्या आसाच्या किंचित पुढे, पन्नास पन्नास किलोंची वाळूची दोन पोती घट्ट बांधून ठेवली तर वरच्याच उदाहरणात हेलकाव्यांचा वेग ९ टक्क्यांनी उतरतो, आणि एकाही पाट्याला अपाय होत नाही. डिझेल थोडे अधिक जळते हे खरे. पोती न बांधता ठेवणे मात्र पाटा काढण्याहूनही वाईट. अचानक ब्रेक लागला की ती चालकाच्या पाठीमागच्या पत्र्यावर येऊन आदळतात.

खरा पहिला उपाय टायरांतील हवेचा आहे, आणि त्याला खर्च नाही. गाडीच्या माहितीपुस्तकात किंवा दाराजवळच्या पट्टीवर हवेचे आकडे दिलेले असतात. पुष्कळ गाड्यांच्या बाबतीत रिकाम्या व भरल्या गाडीचे आकडे निरनिराळे असतात. प्रत्यक्षात भरल्या गाडीची हवा एकदा भरली की ती तशीच राहते, आणि परतीच्या प्रवासात रबर दगडासारखे वागते. रिकाम्या गाडीचा जो आकडा दिला असेल तेवढी हवा ठेवली की टायर लहान धक्के स्वतःच गिळू लागतो. मात्र त्याच हवेवर पुन्हा माल चढविणे हा धोका आहे. टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात वाजवीपेक्षा अधिक वाकते, तापते आणि शेवटी फुटते. हवा मोजावयाची ती गाडी थंड असताना, आणि वाढवावयाची ती माल चढण्यापूर्वी.

दुसरा उपाय घर्षणाचा. गंजलेले पाटे उतरवून, घासून साफ करून, बनावट तशी असेल तेथे त्यांच्या टोकांमधील झिजलेल्या चकत्या बदलल्या आणि शॅकलच्या पिना व बुश मोकळे फिरतात की नाही हे पाहिले, तर जुनी गाडी कित्येकदा ओळखू येऊ नये इतकी सुधारते. अलीकडे काही वाहनांत मध्ये जाड व टोकांकडे निमुळते होत गेलेले थोडेच पाटे वापरतात. ते एकमेकांना जवळजवळ टोकांपाशीच टेकत असल्यामुळे घासणे कमी होते.

शॉक अॅब्सॉर्बर या नळकांड्याचे नाव मोठे फसवे आहे. धक्का झेलते ती कमान. नळकांड्यातील तेल बारीक छिद्रांतून ये-जा करून पुढची उसळी विझविते. तेल गळून ते निकामी झाले की चाक खड्ड्यातून निघाल्यावरही नाचत राहते, आणि नाचणाऱ्या चाकाला ब्रेक लागत नाही. रिकामी पिकअप ओल्या वळणावर मागून घसरते त्यामागे हेही एक कारण असते. म्हणून हा प्रश्न केवळ कमरेच्या सुखाचा राहत नाही. नळकांड्याच्या अंगावर तेलाचा ओघळ दिसला की ते बदलण्यात दिरंगाई करू नये. परंतु फार कडक नळकांडे बसविल्यास रिकामी गाडी अधिकच आदळते, हेही तितकेच खरे.

दणकट पिकअपचे माहेर म्हणावे अशा अमेरिकेत हा प्रश्न अधिक मोठा आहे. तेथील भारी पिकअप मालासह ३,८५० ते ६,३५० किलोंपर्यंतच्या असतात, आणि पुष्कळ मालक त्या बहुतेक दिवस रिकाम्याच फिरवितात. त्यांच्या टायरांवर ८० पौंड हवेची मर्यादा छापलेली असते, आणि रोजच्या धक्क्यांचे मूळ कित्येकदा तेवढी हवा भरून ठेवण्यातच असते. २०१४ सालच्या रॅम २५०० या गाडीत मागचे पाटे काढून त्यांच्या जागी गुंडाळीच्या स्प्रिंगा व आसाला धरून ठेवणारे पाच दांडे बसविण्यात आले. त्याहून जड अशा ३५०० मध्ये मात्र पाटे कायम राहिले. यावरूनच दोहोंतील तडजोड दिसून येते. काही मालक आस व चौकट यांच्यामध्ये रबरी हवेच्या पिशव्या बसवून घेतात. भाराप्रमाणे हवा वाढविली की त्यांचा ताठपणाही वाढतो, आणि भरलेली गाडी मागे बसत नाही. पण मूळ पाटे तसेच ठेवून त्यांच्या जोडीला पिशवी बसविली तर रिकाम्या गाडीला तिचा काहीच लाभ नाही. पाटे मऊ आणि भार पेलावयास पिशवी, अशी जोडी कारखान्यातच जुळवून आलेली असेल तरच दोन्हीकडचे सुख मिळते. विक्रेते हा भेद सहसा सांगत नाहीत.

राहता राहिली चालकाची बैठक. फोम दबून खालचा पत्रा लागू लागला असेल तर तो बदललाच पाहिजे. परंतु त्यावर जाड, लुसलुशीत गादी टाकली की धक्के बंद होतील ही समजूत चुकीची आहे. साधा फोमही सेकंदाला चारच्या सुमाराची कंपने कमी करण्याऐवजी वाढवितो, आणि रिकाम्या पिकअपचे उसळणे तर तेथेच असते. घट्ट, दाट फोम, पाठीला पुरता टेका, आणि पॅडलवर पाय ठेवला असता मांडी अधांतरी राहू नये इतपत उंची, एवढे जमवून घ्यावे. आणि म्हापशाहून निघण्यापूर्वी, गाडी थंड झाली असताना, टायरांतील हवा एकदा मोजून घ्यावी.