सेल्फ फिरतो, पण मोटार सुरू कां होत नाहीं?

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. चित्रकलेच्या परीक्षेस बसणाऱ्या तिघां विद्यार्थ्यांस घेऊन आम्ही पहाटे मोटारीनें तालुक्याच्या गांवीं निघालों होतों. वाटेंत चहासाठीं थांबलों, आणि पुन्हां निघतांना मोटार सुरू होईना. चावी फिरवितांच सेल्फ फिरे, परंतु इंजिन कांहीं पेट घेईना. आम्ही तशीच चावी फिरवीत राहिलों. पाव तासानें बॅटरीचाही दम संपला. मग मुलांनीं धक्के मारले, तेंही व्यर्थ! मुलांचा पहिला पेपर बुडाला. मागाहून आलेल्या मिस्त्रीनें पांच मिनिटांत दोष शोधून काढला, तेव्हां आम्हांस मोठी शरम वाटली. दोष लहानसा होता. आमची शोधण्याची रीत मात्र चुकीची होती. खरी रीत कोणती, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस कळावें, म्हणून हा लेख.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, इंजिन फिरविणें निराळें आणि इंजिन सुरू होणें निराळें. पूर्वीं मोटारीच्या पुढें हँडल घालून इंजिन हातानें फिरवावें लागे, आणि हँडल उलटलें तर मनगट मोडत असे. चार्ल्स केटरिंग ह्यांनीं विजेचा स्टार्टर तयार केला व तो १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत आला, तेव्हांपासून हें संकट टळत गेलें. आपण ज्यास सेल्फ म्हणतों तो हाच. तो बॅटरीच्या बळावर इंजिन फिरवितो. परंतु पुढें इंजिनानें आपल्याच बळावर चालावें, ह्यासाठीं चार गोष्टी जुळाव्या लागतात: योग्य प्रमाणांत पेट्रोल, त्यासाठीं पुरेशी हवा, दट्ट्यानें त्या मिश्रणावर दिलेला दाब, आणि नेमक्या वेळीं पडलेली ठिणगी. एक भाग पेट्रोलास वजनानें सुमारें पंधरा भाग हवा लागते. ह्या चारांपैकीं एक जरी चुकली, तरी सेल्फ नुसता फिरत राहतो. म्हणून प्रश्न ‘मोटार कां बिघडली?’ असा नसून ‘चारांपैकीं काय कमी आहे?’ असा आहे.

आतां शोधाचा क्रम सांगतों. पहिलें साधन आपले कान होत. सेल्फ रेंगाळत, कण्हत फिरत असेल, तर संशय बॅटरीवर व तिच्या तारांच्या जोडांवर घ्यावा. उलट तो नेहमींपेक्षां हलका व भरभर फिरूं लागला, तर आंतील टायमिंगचा पट्टा तुटल्याचा संभव असतो. अशा वेळीं चावी पुन्हां फिरवूंच नये, नाहीं तर इंजिनाची मोठी हानि होऊं शकते. आवाज नित्याचा असेल, तर पुढें जावें.

दुसरें साधन डोळे. टाकींत पेट्रोल आहे ना? कांटा खोटें सांगूं शकतो, हेंही विसरूं नये. समोरच्या फळीवर चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत आहे काय? तसें असल्यास मोटारीनें आपली चावी ओळखलेली नाहीं. दुसरी चावी लावून पाहावी.

ह्यानंतर पेट्रोलाचा मार्ग तपासावा. चावी सेल्फपर्यंत न नेतां एक घर अलीकडे थांबवावी व शांतपणें ऐकावें. बहुतेक आधुनिक मोटारींत टाकींतील पंप दोनएक सेकंद गुणगुणतो. तो मुका असेल, तर त्याचा फ्यूज, रिले आणि मग पंप, असें पाहत जावें. आमच्या मोटारीचा दोष येथेंच होता! पंपाचा फ्यूज वितळला होता. मिस्त्री नवा फ्यूज बसवून थांबला नाहीं. तो कां वितळला हें त्यानें पाहिलें, आणि पत्र्यास घासून उघडी पडलेली तार शोधून ती गुंडाळली.

पंप वाजतो, तरी मोटार सुरू होत नाहीं, असें असल्यास प्लग काढून पाहतात. प्लग कोरडा निघाला, तर पेट्रोल पोंचत नाहीं असें समजावें. ओला निघाला, तर पेट्रोल येतें, पण ठिणगी पडत नाहीं किंवा पेट्रोल अति झालें आहे. पेट्रोल अति झालें असतां पुष्कळ मोटारींत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारल्यास पेट्रोल थांबतें व हवेनें प्लग सुकतात. पेट्रोल व ठिणगी दोन्ही नसतील, तर दोहोंचें समाईक कारण शोधावें. उदाहरणार्थ, इंजिन फिरत असल्याची वर्दी देणारा क्रँक सेन्सर. डिझेल इंजिनास मात्र ठिणगी लागतच नाहीं. तेथें नळींत शिरलेली हवा, तुंबलेला फिल्टर किंवा थंडींत हीटर प्लग ह्यांचा विचार करावा.

दोन सूचना मुलांसाठीं. सेल्फ एका वेळीं दहा सेकंदांपेक्षां अधिक मारूं नये. मध्यें त्यास विसांवा द्यावा. ठिणगीची परीक्षा घरीं करूं नये. तेथें वीस हजार व्होल्टांहूनही अधिक दाब असूं शकतो, आणि पेट्रोलाची वाफ जवळच असते. तें काम मिस्त्रीचें.

आम्हीं त्या दिवशीं बळ पुष्कळ खर्च केलें. विचार मात्र केला नाहीं. गणिताचें उत्तर चुकलें म्हणजे कांहीं विद्यार्थी सारी पाटी पुसून टाकतात, कांहीं अंदाजानें एखादा आंकडा बदलतात. शहाणा विद्यार्थी पहिल्या पायरीपासून एकेक पायरी तपासतो, आणि जेथें चूक सांपडते तेथेंच दुरुस्ती करतो. बंद पडलेल्या मोटारीपुढें उभें राहतांनाही हीच रीत धरावी. ती आम्हीं धरली असती, तर तीन मुलांचा पेपर बुडाला नसता.