झाडं ‘पडली’ की ‘पाडली’? इंग्रजीतल्या जुळ्या क्रियापदांचा घोळ कसा सोडवायचा

४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मुंबईच्या आरे वसाहतीत मेट्रो कारशेडसाठी झाडं तोडायला सुरुवात झाली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवायला सांगितलं, तोवर दोन हजारांहून जास्त झाडं गेली होती. आता समजा, ही गोष्ट तुम्हाला इंग्रजीत पोस्ट करायची आहे. ‘द ट्रीज फेल’ लिहाल, की ‘द ट्रीज वेअर फेल्ड’?

पहिलं वाक्य सांगतं, झाडं पडली. वादळात पडतात तशी, कुणाचा दोष नाही. दुसरं सांगतं, झाडं पाडली गेली, म्हणजे पाडणारा कुणीतरी आहे. (हा ‘फेल’ नापासवाला नव्हे बरं का. एफ, ई आणि डबल एल.)

गंमत म्हणजे हा फरक मराठी माणसाला कुणी शिकवावा लागत नाही. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तुटणे-तोडणे या जोड्या आपण लहानपणापासून बिनचूक वापरतो. “कप फुटला” आणि “कप फोडला” यांत काय फरक आहे, हे आईचा ओरडा खाल्लेल्या प्रत्येक पोराला माहीत असतं! इंग्रजीतही अशाच जोड्या आहेत आणि हा निव्वळ योगायोग नाही. संस्कृत आणि इंग्रजीची पूर्वज भाषा एकाच मोठ्या भाषाकुळातल्या. मूळ क्रियापदाला थोडं बदलून ‘दुसऱ्याकडून घडवून आणणे’ असा अर्थ काढण्याची रीत दोघींना त्याच वारशातून मिळाली. आपल्याकडे ती जोमात आहे, इंग्रजीत तिचे मोजकेच अवशेष उरलेत. म्हणून तिकडची मंडळीसुद्धा गोंधळतात.

सर्वांत जास्त गोंधळ ‘लाय’ आणि ‘ले’चा

लाय म्हणजे स्वतः आडवं होणं, पडून राहणं. ले म्हणजे काहीतरी ठेवणं, घालणं, अंथरणं. कोंबडी अंडी घालते ते ‘ले’. त्यामुळे ऑफिसच्या ग्रुपवर “आय वॉज लेइंग इन बेड ऑल डे” असा मेसेज टाकलात, तर चोखंदळ वाचक विचारणार, काय घालत होतात? तिथे ‘लाइंग’ हवं.

इथवर सोपं आहे. खरी खोच भूतकाळात आहे, कारण ‘लाय’चा भूतकाळच मुळी ‘ले’ होतो! काल मी दिवसभर पडून होतो, हे इंग्रजीत ‘आय ले इन बेड’. ‘हॅव’ लावलं की ‘लेन’. आणि ठेवणे-घालणे या अर्थाच्या ‘ले’चा भूतकाळ ‘लेड’, ‘हॅव’ लावलं तरी ‘लेड’च. गेटवे ऑफ इंडियाची पायाभरणी ३१ मार्च १९११ रोजी झाली. कोनशिला कुणीतरी बसवली, ती आपोआप येऊन पडली नाही, म्हणून ‘वॉज लेड’. स्पेलिंग एल, ए, आय, डी. वाय घालून केलेलं स्पेलिंग सर्रास दिसतं, पण ते चूक.

कुणी ‘लाइड इन बेड’ लिहिलं तर? ते खोटं बोलण्याचं ‘लाय’. अर्थ होईल, अंथरुणात पडून थापा मारल्या.

‘राइज’ आणि ‘रेझ’ त्या मानाने सरळ आहेत. वाढणे आणि वाढवणे. पण पालकांच्या ग्रुपवर हा फरक महाग पडू शकतो. ‘फीज हॅव रिझन’ म्हणजे फी वाढली. ‘द स्कूल हॅज रेझ्ड द फीज’ म्हणजे शाळेने फी वाढवली. तक्रारीचं पत्र लिहिताना दुसरं वाक्य हवं, आणि शाळा उत्तर देताना बहुधा पहिलं वापरेल. ‘फीज हॅव रेझ्ड’ मात्र दोघांनीही लिहू नये, ते वाक्यच अर्धवट राहतं.

आता एक खूण लक्षात ठेवा. आपोआप घडणाऱ्या क्रियापदात भूतकाळात आतला स्वर बदलतो: लाय-ले, राइज-रोझ, फॉल-फेल. घडवून आणणाऱ्याला शेवटी नुसता ‘ड’ लागतो: लेड, रेझ्ड, फेल्ड. सिट-सेट या जोडीतला ‘सेट’ तेवढा अपवाद, तो तिन्ही काळांत जसाच्या तसा.

काही घोळ या नात्यातले नसतात, निव्वळ दिसण्यातले असतात. महात्मा फुले यांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. तिथे ‘फाउंडेड’ हवं. ‘फाउंड’ लिहिलं तर समाज त्यांना कुठेतरी सापडला, असा अर्थ होतो. सीव्हीमध्ये स्वतःच्या स्टार्टअपबद्दल लिहितानाही हेच तपासा.

२३ मार्चला भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना आदरांजली वाहणाऱ्या पोस्टमध्ये ‘हंग’ वाचलं की मला खटकतं. फाशीसाठी ‘हँग्ड’ हाच प्रस्थापित शब्द. ‘हंग’ भिंतीवर टांगलेल्या तसबिरीसाठी. काही कोश फाशीलाही ‘हंग’ चालवून घेतात, पण हुतात्म्यांबद्दल लिहिताना पहिला शब्दच वापरावा.

राहता राहिलं ‘लूझ’. हरणे, गमावणे यात एकच ओ. दोन ओ घातले की सैल. आपण ‘लूज मोशन’ आणि ‘लूज कनेक्शन’ इतक्या वेळा म्हणतो की दोन्ही शब्द कानाला एकच वाटतात, आणि मग मॅच हरल्यावर अर्धी टाइमलाइन सैल झालेली दिसते.